मातीत काय मिसळलं आणि कुणी सांगितलं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी सेफ्टी ऑफिसर आहे. मोटरसायकल रेसिंगशी माझा संबंध एवढाच, की मावसभाऊ डर्ट ट्रॅकवर गाडी पळवतो आणि पडला की पहिला फोन मला करतो. दिवाळीनंतर त्यांच्या क्लबने शिरोळ तालुक्याच्या हद्दीवर ऊस गेलेलं एक रान भाड्याने घेतलं आणि तिथे स्पर्धेसाठी ट्रॅक करायचा ठरवला. मला मीटिंगला बोलावलं ते मातीसाठी. "ताई, मातीत काय काय टाकायचं म्हणत्यात लोकं, तुला केमिकलचं कळतंय, ये एकदा."

डर्ट ट्रॅकची माती दोन बाजूंनी छळते. सुकली की धूळ उठते, मागच्या रायडरला पुढचा दिसत नाही आणि ही रेसमधली सगळ्यात धोक्याची अवस्था. ओली झाली की चाकाला चिकटते, जंपच्या चढावर पकड जाते. म्हणजे तिला दिवसभर मधल्या ओलाव्यात ठेवायचं. त्यात आमचं रान काळ्या मातीचं. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून वर मुरूम आणून थर द्यायचा, रोलर फिरवायचा, त्यावर टेबलटॉप (वरून सपाट असलेले जंप) आणि वळणांचे बांध उभे करायचे हे ठरलेलंच होतं. मुरमाची रॉयल्टी आणि तहसील कचेरीतली परवानगी ही वेगळी कथा आहे, ती सोडून देते.

धूळ बसवायला काय वापरायचं, यावर मात्र मीटिंगमध्ये जेवढी माणसं तेवढी उत्तरं निघाली. बहुतेक उत्तरं फुकटची होती. कोल्हापुरात फुकट मिळणाऱ्या गोष्टींत पहिली म्हणजे फाउंड्रीची जळकी वाळू. एका सभासदाच्या ओळखीने डंपरच्या डंपर येणार होते, भाडंसुद्धा तेच देणार होते. समोरचा भाडं भरून माल टाकून जायला तयार असेल, तर तो माल त्याला नकोसा झालेला असतो, हे मला नोकरीने शिकवलं आहे. ही वाळू म्हणजे सिलिका. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची भुकटी, कोअरच्या (साच्यात पोकळीसाठी ठेवायच्या गाभ्याच्या) वाळूत रेझिनचे अवशेष. साच्यात एकदा तापलेली वाळू फुटून आणखी बारीक होते. त्यातले सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुफ्फुसात खोल जाऊन बसतात. त्यातून होणारा सिलिकोसिस हा कायद्याने सरकारला कळवायलाच लागणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. आमच्या शॉपमध्ये याच वाळूसाठी मी लोकांच्या मागे लागून मास्क घालायला लावते, आणि इथे तीच वाळू पसरून तिच्यावरून वीस गाड्यांची मागची चाकं फिरवायची! शिवाय ती वाळू कुठे जायची ते कारखान्याच्या प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं. त्यात "रेसचा ट्रॅक" कुठेच नसतो.

दुसरी सूचना गॅरेजवाल्याची, काळं ऑइल. गाड्यांचं काढलेलं जुनं ऑइल ड्रममध्ये पडून असतं, ते शिंपडलं की धूळ महिनाभर उठत नाही, आणि हे खरंही आहे. जुन्या लोकांनी कच्च्या रस्त्यांवर असं ऑइल मारलेलं पाहिलेलं असतं. पण वापरलेलं ऑइल २०१६च्या घातक कचरा नियमांत येतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. नियम सांगून कुणी हललं नाही, म्हणून मी त्यांना अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातली गोष्ट सांगितली. सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये ती येतेच.

१९७१ साली तिथल्या एका घोड्यांच्या तबेल्यातल्या रिंगणावर धूळ बसवायला ऑइल मारलं. मारणारा माणूस जुनं ऑइल गोळा करून धुळीवर शिंपडण्याचा धंदा करायचा. त्याच्या टाकीत एका रासायनिक कारखान्याचा गाळही आला होता आणि त्या गाळात डायॉक्सिन हे जहाल विष होतं. चिमण्या मरून पडल्या, मग घोडे मरायला लागले, साठाहून जास्त. तबेलेवाल्यांची लहान मुलगी आजारी होऊन दवाखान्यात गेली. माती काढून टाकली तरी त्रास थांबेना, आणि कारण डायॉक्सिन हे कळायला १९७४ उजाडलं. तोवर त्याच माणसाने टाइम्स बीच नावाच्या गावाचे कच्चे रस्ते मारायचं काम घेतलं होतं. १९८२च्या शेवटी तिथे मातीत डायॉक्सिन सापडलं, त्याच डिसेंबरात पूर आला, आणि १९८३मध्ये सरकारने दोन हजार वस्तीचं ते गाव विकत घेऊन रिकामं केलं. ऑइलवाला शेवटपर्यंत म्हणत राहिला, आत काय होतं ते मला माहीत नव्हतं.

हे ऐकून गॅरेजवाला म्हणाला, "आमच्या ड्रमात तसलं काय नाही." मी विचारलं, "ड्रममध्ये काय काय आहे याची यादी आहे?" यादी नव्हती. ब्रेक ऑइल, कूलंट, पार्ट धुतलेलं रॉकेल, सगळं त्याच ड्रममध्ये जातं, हे त्यानेच नंतर चहा पिताना सांगितलं.

मोलॅसिसची, म्हणजे मळीची, सूचना त्यामानाने निर्मळ होती. परिसरात साखर कारखाने, गळीत सुरू, आणि पातळ केलेलं मोलॅसिस धूळ धरून ठेवतं हे खरं आहे. पण मोलॅसिस राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या ताब्यातला माल. परवान्याशिवाय टँकर रस्त्यावर काढता येत नाही, कारण त्याची दारू होते. वर पाऊस पडला की निसरडं, आणि ऊन पडलं की माश्या, गांधीलमाश्या. हेल्मेटमध्ये गांधीलमाशी शिरलेला रायडर मला बघायचा नव्हता.

मग राहिलं मीठ, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड. हे हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून माती दमट राहते. बाहेरच्या देशांत खाणींच्या रस्त्यांवर सर्रास वापरतात. गाडीच्या ॲल्युमिनियमच्या भागांना आणि चेनला ते चांगलं नाही, पण धुऊन निभावता येतं. माझा याला विरोध नव्हता, प्रमाण ठरवू म्हणाले. विरोध रानाच्या मालकांनी केला. आण्णा तोवर कोपऱ्यात गप्प बसले होते.

"मीठ? आमच्यात जमिनीला मीठ फुटतंय म्हणून लोकं चर खांदून पाइपा घालाय लागल्यात, आणि तुमी इकत आणून टाकताय?"

शिरोळ भागात क्षारपड जमीन काय करते ते मी पुस्तकात वाचलं होतं, आण्णांनी दोन एकरांत भोगलं होतं. ऊस पिवळा पडतो, मग उगवतच नाही. विषय तिथेच मिटला. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी डायरीत लिहून घेतली. तरुणपणी ते तालमीत होते. आखाड्याच्या लाल मातीत तेव्हा ताक, तेल, हळद, लिंबू घालायचे. "अंगाला लागणार की ती. नाकातोंडात जाणार. म्हणून जे घालायचं ते बगूनच घालायचं."

माझ्याकडे मोजमापांची पुस्तकं आहेत, पण ट्रॅकसाठी यापेक्षा चांगली कसोटी मला मिळाली नाही. रस्त्याच्या मातीवर माणूस चालतो. रेसच्या मातीवर माणूस तोंडावर पडतो, घामेजलेल्या कातडीला ती चिकटते, फाटलेल्या जर्सीतून आत जाते, आणि पुढच्या गाडीचं चाक ती त्याच्या गॉगलच्या फटीत मारतं. जी वस्तू तिथे चालणार नाही, ती पोत्यावर काही का लिहिलेलं असेना, मातीत जायची नाही असं ठरलं.

उरलं पाणी. त्याचाही हिशेब करावा लागतो. आमचा ट्रॅक साधारण सहाशे मीटर, सरासरी रुंदी सहा मीटर, म्हणजे ३,६०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तीन मिलिमीटर मारायचं तर १०,८०० लिटर, एका मोठ्या टँकरपेक्षा थोडं जास्त. हे आदल्या संध्याकाळी, पहाटे, आणि मग प्रत्येक दोन हीटच्या, म्हणजे रेसच्या फेऱ्यांच्या, मध्ये हलका फवारा. एकदम ओतलं तर वरचा थर चिखल आणि खाली कोरडं, म्हणून नळ नको, मागे फवाऱ्याची दांडी असलेला टँकर हवा. टँकरवाल्याला मी विचारलं, याआधी यात काय वाहिलं होतं? तो हसला. एमआयडीसी परिसरातल्या टँकरला हा प्रश्न विचारायलाच हवा. आम्ही पिण्याचं पाणी वाहणारा टँकर घेतला, जास्त पैसे मोजून.

इथवर सगळं सुरळीत होतं. स्पर्धेच्या आदल्या रात्री अवकाळी आला.

सकाळी मी पोचले तेव्हा खालच्या वळणात पाणी साठलं होतं आणि एका बाजूला ट्रॉलीतून चुन्याची पोती उतरवत होते. माती सुकवायला चुना. मागवला होता जेसीबीच्या कंत्राटदाराने, स्वतःच्या पैशाने, भल्या मनाने. रस्त्याच्या कामात हे रोजचं आहे. काळ्या मातीत चुना मिसळून ती घट्ट करायची पद्धत जुनी आहे, इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ५१ हे मार्गदर्शक त्याचसाठी आहे. कळीचा चुना पाणी ओढतो, गरम होतो, चिकणमातीचा चिकटपणा मोडतो. एक किलो कळीचा चुना विरताना एवढी उष्णता निघते की तीन लिटरहून जास्त पाणी उकळीला यावं. कंत्राटदाराचं ज्ञान बरोबर होतं. पण रस्त्यावर चुना मिसळून तो मुरायला ठेवतात, वर डांबर येतं, आणि कुणी त्यात तोंड खुपसत नाही. इथे दोन तासांनी रेस होती.

"मॅडम, आमी रोज तंबाकूला चुना लावतोय, काय झालंय?"

मी त्याला गाल दाखव म्हणाले. सगळे हसले, तोही हसला, पण पोती उतरवणं थांबलं. विरवलेल्या चुन्याच्या निवळीचा पीएच बाराच्या वर जातो. अल्कली कातडीतल्या चरबीचा साबण करते, म्हणून आधी नुसतं बुळबुळीत लागतं, दुखत नाही, आणि दुखायला लागेपर्यंत खोल गेलेलं असतं. डोळ्यात तर ती आम्लापेक्षा वाईट, कारण आत शिरत राहते. चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांचे डोळे जातात, हे आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे.

आणि हे कुठे घडलेलं नाही असंही नाही. २०१९च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या पेटको पार्कवर सुपरक्रॉसची, म्हणजे स्टेडियममध्ये माती टाकून होणाऱ्या मोटरसायकल रेसची, फेरी होती. जगातली सगळ्यात मोठी मालिका, हाताशी पैसा, यंत्रं, ट्रॅक बांधणारे अनुभवी लोक. पाऊस कोसळला आणि त्या मातीत चुना होता. रेसनंतर रायडरांनी कातडी भाजल्याच्या तक्रारी केल्या. मावसभावाने तेव्हाचे फोटो फोनवर काढून सगळ्यांना फिरवून दाखवले. माझ्या पीएचपेक्षा त्या फोटोंनी जास्त काम केलं. अल्कली ॲल्युमिनियमला खाते, हे मी सांगितल्यावर ज्यांना कातडीची फिकीर नव्हती त्यांनाही गाडीच्या हबची फिकीर वाटली.

शेवटी काय केलं? पंप लावून पाणी काढलं, जेसीबीने वरचा चिखलाचा थर खरवडून बाजूला ढीग केला, झाकून ठेवलेला कोरडा मुरूम वर पसरला आणि रोलर फिरवला. खालचं वळण तरीही धड होईना, ते दोरी लावून बंद केलं आणि ट्रॅक आखूड केला. रेस दुपारी सुरू झाली. प्रेक्षक वैतागले, एका प्रायोजकाने तोंडावर बोलून दाखवलं. हे सगळं चुन्याच्या पोत्यांपेक्षा महाग पडलं.

फक्की मारतानाही तोच प्रश्न आला. मैदानावर रेघा मारायची फक्की म्हणून दुकानात जे मिळतं ते कधी खडूची पूड असतं, कधी सरळ विरवलेला चुना. दोन्ही पांढरं, दोन्हीला नाव एकच. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, निरुपद्रवी. चिमूटभर पाण्यात ढवळून पीएच पट्टी बुडवली की दहा सेकंदांत कळतं. आमचं पहिलं पोतं चुना निघालं, परत केलं. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी ही पट्टी बाळगावी असं मला फार वाटतं, कबड्डीची पोरं त्याच रेघांवर लोळतात.

आता स्पर्धेच्या आधीच्या कागदांकडे येते, कारण खरा वाद तिथे झाला. क्लबकडे एक छापील फॉर्म होता. "मी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे, कोणत्याही इजेस आयोजक जबाबदार राहणार नाहीत." सगळ्यांचा समज असा, की यावर सही घेतली की विषय संपला. क्लबच्या ओळखीचे एक वकील काका आले होते, त्यांनी तो फॉर्म वाचून बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. रायडर पडण्याचा, आदळण्याचा, दुसऱ्याची गाडी अंगावर येण्याचा धोका पत्करतो, कारण तो त्याला माहीत असतो. मातीत तुम्ही काय घातलंत ते त्याला माहीतच नाही, तर तो धोका त्याने पत्करला असं म्हणणार कसं? शिवाय स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटका करून घेणारी अट न्यायालय जशीच्या तशी मान्य करेल याचा भरवसा नाही, करार कायद्याचं कलम २३ आड येतं. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही तर कलम ११मुळे करार म्हणून उभीच राहत नाही, आणि आमच्या ज्युनियर गटात बारा-तेरा वर्षांची पोरं होती. वडिलांनी सही केली तरी मुलाचा हक्क ते सोडून देऊ शकतात का, यावर काकांनी नकाराची मान हलवली.

फौजदारी बाजू वेगळीच. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या बेदरकार कृतीबद्दल आहे, २८६ विषारी पदार्थाबाबतच्या निष्काळजीपणाबद्दल. त्यांना तुमचा फॉर्म लागू पडत नाही. काका म्हणाले, "पोलीस विचारतील, पोतं कुणी आणलं, कुणी ओतायला सांगितलं. क्लब असं उत्तर चालत नाही, माणसाचं नाव लागतं."

आण्णांनी विचारलं, मी नुसतं रान दिलंय, माझ्यावर काय येईल? मिसूरीच्या गोष्टीचा शेवट मी तेव्हा सांगितला. तो गाळ बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यात भाड्याने होती. ती बुडाली. साफसफाईची जबाबदारी येऊन पडली ती जागावाल्या कंपनीवर. तिथला कायदा वेगळा आहे, हेही सांगितलं. पण आण्णांनी भाडेकरारात एक ओळ घालून घेतली: मालकाच्या लेखी संमतीशिवाय जमिनीत पाणी आणि मुरूम सोडून काहीही टाकायचं नाही, आणि रान सोडताना माती परीक्षणाचा अहवाल द्यायचा. करारातली सगळ्यात शहाणी ओळ हीच आहे आणि ती वकिलाने सुचवलेली नाही.

यातून आम्ही एक वही केली. साधी, शाळेची लांब वही. बाहेरून जे जे रानात येईल त्याची नोंद: काय, किती, कुणाकडून, एमएसडीएस (मालातले घटक आणि धोके सांगणारा कागद) आहे का, कुणी मंजूर केलं, सही. मंजूर करणारा एकच, ट्रॅक प्रमुख, त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं नाव आधी लिहिलेलं. चुन्याची ती पोती उतरली तेव्हा वहीत त्यांची ओळ नव्हती, म्हणूनच ती थांबवता आली. नाही तर मुहूर्ताच्या गडबडीत कुणी कुणाला विचारलं असतं? फॉर्मही बदलला. मातीत काय आहे ते त्यात मराठीत लिहिलं आणि सकाळच्या ब्रीफिंगमध्ये वाचून दाखवलं. पोरांनी पहिल्यांदाच फॉर्म वाचला असावा.

प्रथमोपचाराच्या टेबलावर मी हट्टाने पिण्याच्या पाण्याचे जार ठेवले, डोळे धुण्यासाठी. रुग्णवाहिकेतल्या मुलाला सांगितलं, डोळ्यात काहीही गेलं तरी आधी वीस मिनिटं वाहतं पाणी, मग दवाखाना. दुपारी एका रायडरच्या डोळ्यात मुरूम गेला, पाणी मारलं, पुढची हीट तो पळाला. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागी, पेट्रोल भरायला गाडीखाली शोषून घेणारी चटई अंथरायची, हे एफआयएम या मोटरसायकल रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पर्यावरण नियमांत आहे. चटई परवडली नाही, आम्ही पत्र्याचे ट्रे केले. चालले.

स्पर्धेनंतर मुरूम उचलला, आण्णांनी ट्रॅक्टर फिरवला, मातीचे नमुने प्रयोगशाळेत दिले. पीएच आणि क्षारता रान घेताना होती तेवढीच आली. अहवाल करारासोबत फाइलला लावला आहे.

विम्याचं मात्र अजून अडलं आहे. क्लबने घेतलेल्या पब्लिक लायबिलिटी पॉलिसीत प्रदूषणाला वगळणारं कलम आहे. गाडीचा नेहमीचा विमा तर रेसला लागूच होत नाही. मातीतल्या रसायनामुळे रायडरला इजा झाली तर ती अपघातात धरणार की प्रदूषणात, असं आम्ही विमा कंपनीला लेखी विचारलं. फोनवर "होऊन जाईल" असं उत्तर आलं, कागदावर काहीच नाही. पुढच्या मोसमासाठी पोरं पुन्हा धुळीवर उपाय शोधताहेत, कुणीतरी एका नव्या पावडरचं माहितीपत्रक पाठवलं आहे, "शंभर टक्के नैसर्गिक" असं छापलेलं. त्यात घटक लिहिलेले नाहीत. मी एमएसडीएस मागवली आहे. ती येईपर्यंत आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर मिळेपर्यंत टँकरच.